घाई त्यांची, वेळ आपला

मे २०२४ मध्ये सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपलं मोबाइल अ‍ॅप नव्याने बांधून ग्राहकांच्या फोनवर पाठवलं. दिसायला ते जुन्यापेक्षा चकचकीत होतं. फक्त त्यात गजर लावता येत नव्हता. स्लीप टायमर गायब होता. पुढे वाजणाऱ्या गाण्यांची रांग बदलता येत नव्हती, आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबणाऱ्या अंध ग्राहकांना तर अ‍ॅप उघडल्यावर आपण कुठे आहोत हेच उमगेना. जुलैमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की हे निस्तरायला २ ते ३ कोटी डॉलर लागतील. जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स पायउतार झाले. मधल्या काळात लोक जुनं अ‍ॅप परत मागत होते. कंपनीने तोही पर्याय तपासला, आणि आता मागे फिरलो तर आणखी बिघडेल असं सांगून हात वर केले.

सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होतात, त्यावर लेख लिहायची गरज नाही. इथे विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. गजर नाही, हे कंपनीला आधीच ठाऊक होतं. काय काय अजून आलेलं नाही याची यादी तिच्याकडे होती. म्हणजे कुठल्या तरी बैठकीत, कुठल्या तरी तक्त्यात ‘गजर : नंतर’ अशी नोंद झाली असणार आणि पुढचा मुद्दा घेतला गेला असणार. त्या टेबलाभोवतीची माणसं बिनडोक नसतात. त्यांच्यातले निम्मे तरी मनातल्या मनात चरफडत असतात. पण तारीख ठरलेली असते, आणि तारखेशी वाद घालता येत नाही.

तंत्रज्ञान उद्योगात वेगाचं जे वेड आहे, त्यावर नेहमी होणारी टीका अशी: घाईने काम कच्चं होतं, कच्च्या कामाने दर्जा घसरतो. हे खरं असलं तरी पुरेसं नाही. उद्योगाकडे त्याचं उत्तरही तयार असतं: दर्जा नंतर सुधारू, आधी बाजारात तर जाऊ. माझा आक्षेप जरा निराळा आहे. घाईत वाचलेला वेळ मुळात वाचतच नाही, तो बनवणाऱ्याच्या वहीतून निघून वापरणाऱ्याच्या वहीत जातो. आणि वापरणाऱ्याची वही कोणी तपासत नसल्यामुळे तो वाचला असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटत राहतं.

कट, कॉपी, पेस्ट या आज्ञा ज्यांच्या नावाशी जोडल्या जातात ते लॅरी टेस्लर आधी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत आणि नंतर अ‍ॅपलमध्ये होते. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामात मुळातच काही एक गुंतागुंत असते. ती नाहीशी होत नाही; ती कोणी सोसायची एवढंच आपल्या हातात असतं. एका अभियंत्याने आणखी एक आठवडा घालून ती स्वतःकडे घेतली नाही, आणि त्यापायी १० लाख वापरकर्त्यांचं रोज एक मिनिट गेलं, तर अभियंत्याच्या सोयीची शिक्षा वापरकर्ते भोगतात. हिशेब करून पाहा. १० लाख मिनिटं म्हणजे साडेसोळा हजारांहून जास्त तास, म्हणजे जवळजवळ सातशे दिवस. एक आठवडा वाचवला, आणि जगातल्या लोकांचा रोज जवळपास दोन वर्षांचा वेळ खर्ची पडला. कंपनीच्या ताळेबंदात यातला फक्त तो आठवडा दिसतो.

इथे हमखास एक गल्लत होते, ती आधीच दूर करायला हवी. वेगवान वस्तू आणि वेगाने बनवलेली वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या बाजूने मी कधीही उभा राहीन. संगणक सेकंदाच्या आत प्रतिसाद देऊ लागला की माणसाची कामाची लय टिकते आणि एकूण काम लक्षणीय वाढतं, हे आयबीएमच्या डोहर्टी आणि थडानी यांनी १९८२ मध्येच मांडलं होतं. गंमत अशी की दुसऱ्या प्रकारचा वेग पहिल्याच्या मुळावर येतो. यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर सुस्तावतं, अशी तक्रार संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये केली होती, आणि त्याचं कारणही सांगितलं होतं: मुदतींचा दबाव आणि ‘हेही घाला, तेही घाला’ ही वृत्ती.

विर्थ यांच्या तक्रारीचं आजचं रूप म्हणजे इलेक्ट्रॉन. प्रोग्राम साठवायची सेवा देणाऱ्या गिटहबने २०१३ मध्ये आपल्या अ‍ॅटम नावाच्या, प्रोग्राम लिहायच्या एडिटरसाठी ही चौकट तयार केली. तिच्यात वेबसाइटसारखं अ‍ॅप एकदाच लिहायचं आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालवायचं. टीमसाठी हे वरदानच. तीन वेगळी अ‍ॅप्स लिहायचा त्रास वाचला. मात्र अशा प्रत्येक अ‍ॅपच्या पोटात क्रोमियम हा एक अख्खा ब्राउझर बसलेला असतो. निरोप पाठवायचं एक, मीटिंगचं दुसरं, नोंदी ठेवायचं तिसरं, अशी तीन अ‍ॅप्स उघडली की तीन ब्राउझर मेमरी खात बसतात. व्हीएस कोड या एडिटरसारखी चांगली उत्पादनंही याच पायावर उभी आहेत हे मान्य, पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. बाकीच्यांनी पाया उचलला आणि मेहनत ‘नंतर’च्या रकान्यात टाकली. टीमचे महिने वाचले, त्याची किंमत म्हणून आपण नवा लॅपटॉप घ्यायचा.

हे वेड कुठून आलं याचा दोष एकट्यादुकट्याला देता येणार नाही, कारण त्याची सुरुवात शहाणपणाची होती. सॉफ्टवेअर खोक्यात, सीडीवर विकलं जायचं तेव्हा चूक फार महाग पडे; एकदा सीडी छापली की गेली. मग इंटरनेटने दुरुस्ती जवळजवळ फुकट केली. सर्व्हरवर बदल करा, सगळ्यांना तो लगेच दिसतो. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी जमून थोडं-थोडं बांधत, तपासत जायच्या पद्धतीचा, म्हणजे अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, तो याच बदललेल्या हवेत. वर्षभर कागद रंगवून शेवटी चुकीचंच काहीतरी बांधण्यापेक्षा थोडं बांधा, दाखवा, शिका, पुन्हा बांधा. यात चुकीचं काहीच नाही. त्याच जाहीरनाम्याच्या १२ तत्त्वांत असंही लिहिलंय की कामाची गती अशी हवी जी कायम टिकवता येईल. चांगल्या रचनेकडे सतत लक्ष द्यायला हवं. आणि न केलेलं काम जास्तीत जास्त असणं, ही साधेपणाची कला आवश्यक आहे. आज कुठल्याही स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, जाऊन विचारा, ही तीन तत्त्वं कोणाला आठवतात का. स्प्रिंट, म्हणजे कामाचा दोन आठवड्यांचा ठरलेला टप्पा, मात्र सगळ्यांना पाठ असतो.

फेसबुकची ‘झपाट्याने पुढे चला, मोडतोड झाली तरी चालेल’ अशा अर्थाची घोषणा प्रसिद्धच आहे. २०१२ च्या गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात मार्क झुकरबर्ग यांनी तिचा अभिमानाने उल्लेख केला होता. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनी ती बदलून ‘भक्कम पायाभूत व्यवस्थेसह झपाट्याने चला’ अशी केली. मोडलेलं दुरुस्त करण्यात जाणारा वेळच एकूण वेग कमी करतोय, हे त्यांना दिसलं होतं. पण नवी घोषणा कोणाच्या टी-शर्टवर दिसली नाही. नवउद्योगांत पैसे गुंतवणारे, लिंक्डइनचे रीड हॉफमन, यांचं वाक्य असंच पसरलं: पहिल्या आवृत्तीची तुम्हाला लाज वाटत नसेल, तर तुम्ही उशिरा बाजारात आलात. विचार म्हणून यात तथ्य आहे. फक्त ज्यांची लाज जायची ते टाळ्या घेतात आणि ज्यांचं काम अडायचं ते सभागृहात नसतात.

आता डिझाइनकडे येतो. घाईचा फटका डिझाइनला नेमका कुठे बसतो? बहुतेकांना वाटतं तो सफाईला बसतो. कोपरे नीट गोल झाले नाहीत, रंग जुळले नाहीत. माझ्या मते सफाई उलट सुधारली आहे. तयार घटकांचे संच सर्वांकडे आहेत. ट्विटरमधून आलेलं बूटस्ट्रॅप २०११ चं, गुगलचं मटेरियल डिझाइन २०१४ चं. आज नवशिक्याचं अ‍ॅपही नीटनेटकं दिसतं. मार बसतो तो त्याच्या आधीच्या टप्प्याला, म्हणजे हे हवंच का, कोणाला हवंय, याऐवजी काय काढून टाकता येईल, असे प्रश्न जिथे विचारायचे तिथे. हे काम बाहेरून आळसासारखं दिसतं. त्याचं टिकीट, म्हणजे कामाची नोंद, निघत नाही, डेमो होत नाही, तक्त्यावर ते ‘झालं’च्या रकान्यात सरकत नाही. म्हणून स्प्रिंटच्या व्यवस्थेत डिझायनरकडे पोहोचतो तो आधीच ठरलेला निर्णय. सोबत ‘गुरुवारपर्यंत स्क्रीन दे’ असा निरोप. तो स्क्रीन देतो. सुंदर देतो. आधी कळस मग पाया, असा हा उलटा कारभार.

उरलेले सगळे प्रश्न जातात ‘फेज टू’मध्ये. या धंद्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, फेज टू म्हणजे काय. रिकामी स्क्रीन कशी दिसेल, नेटवर्क गेलं तर काय होईल, चूक झाल्यावर संदेश काय येईल, नाव फार लांब असेल तर ते कुठे मावेल, कीबोर्डनेच वापरणाऱ्याचं काय. हे सगळं फेज टू. तोवर रोडमॅपवर, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यावर, नवं काहीतरी चढलेलं असतं आणि फेज टू बॅकलॉगच्या, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी जाऊन बसते. वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं स्वयंचलित पद्धतीने तपासते. २०२४ च्या तपासणीत ९५.९ टक्के पानांवर सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वापरता येण्याच्या, चुका सापडल्या. त्यात सर्वाधिक आढळणाऱ्या चुका कोणत्या? पार्श्वभूमीवर नीट न दिसणारी फिकट अक्षरं, चित्रांना वर्णन नसणं, फॉर्मच्या रकान्यांना लेबल नसणं. यातल्या एकीलाही संशोधन लागत नाही. वेळेत कोणी विचारलं असतं तर त्याच दिवशी सुटल्या असत्या.

सावकाश केलेल्या डिझाइनचं एक उदाहरण जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे आणि आपण ते उदाहरण म्हणून कधी बघत नाही: आकडे दाबायची पाटी. वर १-२-३, खाली ४-५-६, मग ७-८-९, तळाशी शून्य. फिरवायच्या तबकडीच्या जागी बटणं आणायची हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ठरलं, तेव्हा आकडे कसे मांडायचे हा प्रश्न त्यांनी गृहीत धरला नाही. हिशेबाच्या यंत्रांवर ७-८-९ वर असायचे. तीच मांडणी उचलता आली असती आणि एका दुपारी विषय संपला असता. त्याऐवजी त्यांनी अनेक मांडण्या करून पाहिल्या. आडव्या दोन रांगा, उभ्या दोन रांगा, तबकडीसारखं वर्तुळ, चौकोन. माणसं बसवून नंबर दाबायला लावले, किती वेळ लागतो, किती चुका होतात, कोणाला काय आवडतं हे टिपलं. एवढ्यावर थांबले नाहीत. बटण दाबायला किती जोर लागावा, ते किती खाली जावं, त्याचा माथा केवढा असावा, हेही तपासलं. आर. एल. डायनिंगर यांचा या प्रयोगांवरचा निबंध १९६० चा आहे. ग्राहकांच्या हाती टच-टोन फोन आला नोव्हेंबर १९६३ मध्ये. चांदणीची आणि चौकडीची खूण तर आणखी पाचेक वर्षांनी, १९६८ मध्ये, आली.

या प्रयोगांची मला सर्वांत आवडणारी बाब अशी की चांगल्या मांडण्यांमधला फरक अगदी थोडा निघाला. म्हणजे काही जगावेगळा शोध लागला नाही. आजच्या एखाद्या व्यवस्थापकाने ते पाहून म्हटलं असतं, मग एवढा वेळ का घालवला? पण तो फरक थोडा आहे हे तपासल्यावरच कळलं, आणि म्हणून बांधणीच्या दृष्टीने सोयीची मांडणी निर्धास्तपणे निवडता आली. ६० वर्षं उलटली. तबकडी गेली, तार गेली, बटणं गेली, आता नुसती काच उरली. त्या काचेवर आकडे अजून तसेच उमटतात. या पाटीला अपडेट लागलं नाही. ते पाठवायची सोयच नव्हती, हेही त्यामागचं कारण आहेच. लाखो घरांत बसवलेला फोन मागाहून बदलता येत नाही, तेव्हा आधी विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं.

अपडेटची सोय झाली आणि ती सक्ती संपली. आता तर ती जिथे असायला हवी तिथूनही निघून चालली आहे. मोटारींचंच बघा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत डॅशबोर्डवरची बटणं एकेक करून नाहीशी झाली आणि एक मोठी टचस्क्रीन आली. कारण म्हणून आधुनिकता सांगितली जाते. कारखान्यातलं कारण जास्त रोखठोक आहे. बटण म्हणजे साचा, वायरिंग, सुटे भाग, आणि गाडी बाजारात यायच्या कितीतरी आधी घ्यावा लागणारा ठाम निर्णय. स्क्रीन बसवली की तो निर्णय शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवता येतो, गाडी विकल्यानंतरही बदलता येतो. स्क्रीन म्हणजे बनवणाऱ्याने न घेतलेला निर्णय. तो रोज, चालत्या गाडीत, रस्त्यावरची नजर काढून चालक घेतो: काचेवरचं धुकं घालवायचं बटण कुठल्या मेनूत गेलं? फोक्सवॅगनने यातून धडा घेऊन मुख्य कामांसाठी खरी बटणं परत आणायचं जाहीर केलं. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांसारख्या गोष्टींसाठी हाताला लागणारं स्वतंत्र नियंत्रण असण्याला महत्त्व दिलं. हॉर्नला बटण असावं हे नियम करून सांगावं लागतं, यावर हसावं की रडावं.

वेगाच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद मोजमापाचा असतो. आधीपासून अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोन पर्याय लोकांपुढे ठेवा, आकडे सांगतील ते घ्या. २००९ मध्ये डग्लस बोमन हे डिझायनर गुगल सोडून गेले तेव्हा त्यांनी लिहिलेलं कारण गाजलं: निळ्या रंगाच्या दोन छटांतली एक ठरेना म्हणून टीम ४१ छटा तपासत होती, आणि एखादी रेघ ३ पिक्सेलची असावी की ४ की ५, याचाही पुरावा मागितला जात होता. लोक हा किस्सा कलावंताचा रुसवा म्हणून सांगतात. मला त्यातला काळाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. चाचणी चालते काही दिवस, फार तर दोन आठवडे. तेवढ्यात जे दिसतं तेच मोजलं जातं: क्लिक, नोंदणी, थांबण्याचा वेळ. लाल ठिपका लावला की क्लिक वाढतात, हे दोन दिवसांत कळतं. तो ठिपका बघून बघून माणूस वर्षभराने विटतो आणि अ‍ॅप काढून टाकतो, हे त्या चाचणीत कधीच येत नाही. ठिपका लावणाऱ्याची तोवर बढती झालेली असते. बेल प्रयोगशाळेतही मोजमापच चालू होतं. फरक एवढाच की तिथे आधी काय शोधायचं ते ठरवून मग मोजत होते.

घाईची सवय बनवणाऱ्यांपुरती राहत नाही, ती वस्तूतही उतरते. ज्याला स्वतःला थांबायची मुभा नाही, तो वापरणाऱ्यालाही थांबू देत नाही. ‘फ्रिक्शन’, म्हणजे घर्षण, हा या धंद्यातला शिवीसारखा शब्द आहे. वापरणाऱ्याच्या वाटेत येणारी प्रत्येक पायरी म्हणजे शत्रू. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने पान संपलं की पुढचं आपोआप येत राहील अशी रचना मांडली. ‘पुढे’वर क्लिक करायचा त्रास वाचावा एवढाच साधा हेतू. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. उलट बाजूचे प्रयोगही झालेत, पण फार थोडे. २०२० मध्ये ट्विटरने, न उघडलेला लेख पुढे पाठवणाऱ्याला ‘आधी वाचून बघणार का?’ एवढंच विचारायला सुरुवात केली. कंपनीच्याच आकड्यांनुसार सूचना दिसल्यावर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने खूप वेळा पुढे ढकलले गेलेले निरोप एका वेळी एकाच गप्पेत पाठवता येतील असं केलं, आणि तशा निरोपांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं. जीमेलमधली पाठवलेला मेल काही सेकंद मागे घ्यायची सोय तर अक्षरशः उशीर विकते, आणि ती नको असं म्हणणारं कोणी मला भेटलेलं नाही.

मग सगळं सावकाशच करावं का? अजिबात नाही. संथपणा हा काही गुण नव्हे. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं आणि व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती पडायला जानेवारी २००७ उजाडला. पाच वर्षं घालवूनही लोकांनी नाकं मुरडली. झेरॉक्सचा स्टार हा संगणक १९८१ मध्ये आला, तोवर त्याच्या डिझाइनवर काही वर्षांची विलक्षण बारकाईची मेहनत झाली होती. फोल्डर, चिन्हं, माउस, सगळं होतं. किंमत १६ हजार डॉलरच्या वर. तो चालला नाही. झटपट नमुना करून पाहणं तर डिझाइनचं सर्वांत जवळचं हत्यार आहे. हातात काहीतरी आल्याशिवाय अनेक प्रश्न सुचतच नाहीत. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगितलं होतं की पहिली आवृत्ती फेकून देण्याची तयारी ठेवा, कारण ती तुम्ही फेकणारच आहात. घोळ फेकून न देण्यात आहे. डेमोसाठी दोन दिवसांत उभा केलेला नमुना वरिष्ठांना आवडतो आणि ते म्हणतात, हे तर झालंच की, सोमवारी लाइव्ह करू.

अ‍ॅमेझॉनच्या २०१५ च्या भागधारक-पत्रात जेफ बेझोस यांनी निर्णयांची एक विभागणी केली होती, तिचा इथे उपयोग होतो. काही निर्णय म्हणजे दुतर्फा दार; आत गेलात, आवडलं नाही, परत या. असे निर्णय झटकन घ्यावेत. काही एकतर्फी, ते सावकाश, विचारपूर्वक. मोठ्या कंपन्या पहिल्या प्रकारालाही दुसऱ्यासारखं वागवून मंदावतात, असं त्यांचं म्हणणं. विभागणी चांगलीच आहे, मात्र ती दाराच्या एकाच बाजूने केलेली आहे. मेनू हलवणं कंपनीसाठी दुतर्फा दार असतं, उद्या पूर्ववत करता येतं. ज्या माणसाने ती जागा बोटांनी पाठ केली आहे, ज्याला दिसत नाही म्हणून तो क्रमाने मोजत जातो, ज्या वयस्कर बाईंना मुलाने एकदा शिकवून ठेवलंय आणि आता तो दूर राहतो, त्यांच्यासाठी तेच दार एकतर्फी असतं. दोन आठवड्यांनी पूर्ववत केलं म्हणून त्यांचा विश्वास पूर्ववत होत नाही. त्या बाई पुढच्या वेळी बँकेचं काम अ‍ॅपवर करतच नाहीत, आणि आकड्यांत त्या फक्त ‘निष्क्रिय वापरकर्ता’ म्हणून उरतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा सगळा मामला आणखी तापवला आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल नावाची सोय जाहीर केली. संगणक दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचं चित्र टिपून ठेवणार, म्हणजे पूर्वी पाहिलेलं काहीही नंतर शोधता येईल. महिन्याभरात, १८ जूनला, ती येणार होती. सुरक्षा-अभ्यासकांनी उघडून पाहिलं तर टिपलेला मजकूर न कुलूपबंद केलेल्या साध्या डेटाबेसमध्ये पडलेला. गदारोळ झाला, सोय पुढे ढकलली गेली, आणि मजकूर कुलूपबंद करून, ज्याला हवी त्यानेच चालू करायची अशा बदललेल्या रूपात ती सर्वसाधारण वापरासाठी एप्रिल २०२५ मध्ये आली. हे वर्षभर आधीच घेतलं असतं तर? पासवर्ड आणि बँकेचे तपशील स्क्रीनवर येतात, हे कळायला अभ्यासकांची गरज नव्हती. स्पर्धकाच्या आधी जाहीर करायची गरज मात्र होती.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक आंद्रे कार्पथी यांनी ज्याला ‘व्हाइब कोडिंग’ असं नाव दिलं ते. हवं ते बोलून सांगायचं, प्रोग्राम यंत्राने लिहायचा, आणि तो वाचायच्या भानगडीत पडायचं नाही. त्यांनी ते शनिवार-रविवारच्या गंमतीच्या कामांपुरतं म्हटलं होतं. धंद्याने ती अट नेहमीप्रमाणे गाळली. बनवायला लागणारा वेळ आता खरोखरच शून्याकडे चाललाय. तसं असेल तर जे वाचलं ते विचाराला द्यायला हवं होतं. दोन महिने बांधण्यात जात होते ते आता ठरवण्यात, तपासण्यात, काढून टाकण्यात घालता आले असते. प्रत्यक्षात जिथे दोन महिन्यांत एक सोय यायची तिथे आता आठ येतात, आणि आठही ठिकाणी ‘गजर : नंतर’च्या जातीच्या नोंदी पडतात. बांधण्याचा वेळ हाच अडथळा होता ही समजूत किती पोकळ होती, ते यातून कळतं.

कंपन्या आपण होऊन सुधारतील यावर माझा फार भरवसा नाही. त्यांच्यात वाईट माणसं आहेत म्हणून नव्हे, तर जो एकटा थांबेल तो मागे पडेल ही भीती खोटी नाही म्हणून. सगळ्यांना एकदम थांबवणारं काहीतरी बाहेरून यावं लागतं. युरोपीय सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, आणि ई-कॉमर्स, बँकसेवा, ई-पुस्तकं, तिकीटविक्री अशा अनेक सेवांना अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी रचना बंधनकारक झाली. त्या एका तारखेने जे केलं ते डिझायनरांच्या वीस वर्षांच्या विनवण्यांनी झालं नव्हतं: फेज टूमधली काही टिकीटं फेज वनमध्ये आली. नियमांमुळे नवनिर्मिती मंदावते अशी ओरड याही वेळी झाली. मंदावलीच असेल. तेवढ्याचसाठी तर नियम होता.

मला वाटतं, पुढचा दबाव अ‍ॅप स्टोअरवर यायला हवा. अ‍ॅपलचं आणि गुगलचं दुकान अ‍ॅपमधून पैसे कुठल्या मार्गाने घेतले जातात हे डोळ्यांत तेल घालून तपासतं, कारण त्यात त्यांचं कमिशन असतं. अपडेटने ग्राहकाची चालू असलेली सोय काढून घेतली का, याची चौकशी तिथे होत नाही. आणि नवी आवृत्ती एकदा बसली की सामान्य माणसाला दुकानातून जुनी परत घेता येत नाही. ती घेता यायला हवी. सुरक्षेच्या दुरुस्त्या अर्थातच सक्तीच्या राहोत, पण चेहरामोहरा बदलणारं किंवा सोयी कमी करणारं अपडेट असेल तर काय काढलं ते ठळक लिहावं, आणि निदान सहा महिने मागच्या आवृत्तीवर जायची मुभा द्यावी. दोन आवृत्त्या एकाच वेळी चालत्या ठेवणं महाग पडतं, सर्व्हरची बाजूही दोघींसाठी सांभाळावी लागते, असं कंपन्या म्हणतील. पडू दे महाग. तो खर्च एकदा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दिसू लागला, की लाँचची तारीख ठरवणाऱ्या बैठकीत त्याच्याबद्दल बोलणारं कोणीतरी असेल, आणि त्याच्या हातात आकडा असेल.